दारू सोडायची आहे, पण जायचे कुठे? अमरावती-अकोल्यातील बौद्ध तरुणांसाठी आधारगटाची माहिती

रविवारच्या वंदनेत पंचशील घेताना पहिली चार शिक्षापदे सगळे मोठ्याने म्हणतात. पाचव्याला काही आवाज खाली येतात. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकले आहे. त्यांतला एखादा आवाज आपल्या शाखेच्या पदाधिकाऱ्याचा असतो, एखादा भीमजयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या धडपड्या पोराचा असतो. सगळ्यांना ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. बोललेच तर दोनच गोष्टी कानावर पडतात. एक, "बाबासाहेबांचं नाव घेतो आणि पितो, लाज वाटत नाही?" दुसरी, "मनावर घे, आजपासून सोड."

या दोन्ही वाक्यांनी दारू सुटत नाही. ज्याला खरोखर सोडायची आहे त्याला तिसरी गोष्ट लागते: ज्यांची सुटली आहे अशी माणसे, जी आठवड्याला भेटतात आणि जिथे खोटे बोलावे लागत नाही. यालाच आधारगट म्हणतात. असा गट कसा शोधायचा, तिथे काय होते आणि जाण्याआधी कोणती काळजी घ्यायची, याची माहिती या लेखात आहे. सोबत एका अडचणीचाही विचार केला आहे, जी फक्त आपल्या लोकांना येते: तिथे ईश्वराचे नाव घेतात, मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने काय करायचे?

हा आजार आहे का, की वाईट सवय?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना दारूमुळे त्रास होतो किंवा तिच्यावाचून राहता येत नाही. दारूचे अवलंबित्व असलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला होता. बाकीचे घरात, वस्तीत, कामावर तसेच आहेत.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरल्या आहेत. म्हणजे उपचार मागणे हा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

आपण कुठे आहोत हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा घेता, सुरू केल्यावर थांबता येते का, सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का, दारूमुळे कामे राहून गेली का, असे साधे प्रश्न असतात. एकूण गुण ४० असतात. ८ किंवा अधिक आले तर पिणे धोक्याचे आहे, २० किंवा अधिक आले तर अवलंबित्वाची शक्यता मोठी आहे, असे समजून डॉक्टरांना भेटावे.

एका मुलाने मला सांगितले होते, "ताई, सकाळी रोज सोडतो. संध्याकाळ झाली का पाय आपोआप तिकडंच वळते." यात इच्छाशक्ती कमी आहे असे नाही. मेंदूला आणि शरीराला सवय लागली आहे. काही जण वर्षावासाचे तीन महिने थेंब घेत नाहीत आणि अश्विन पौर्णिमा उलटली की पुन्हा तिथेच येतात. तीन महिने थांबता आले ही चांगलीच गोष्ट आहे. पण चौथ्या महिन्याची काही सोय नव्हती, हेही त्यातून दिसते.

गटात जाण्याआधी: एकदम बंद करू नका

हा भाग कार्यकर्त्यांनी नीट वाचावा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात दारू बंद केली तर जीवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. गावात याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि माणसाला बुवाकडे नेतात. ती दारू तुटल्याची लक्षणे असतात. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे.

घरी सलाईन लावून घेणे हाही उपाय नाही. दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. रुग्णालयात हे पाहिले जाते.

तिसरा इशारा पुडीबद्दल. "त्याला न सांगता भाजीत टाका, आपोआप सुटेल" अशी औषधे बाजारात मिळतात. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब एकदम खाली जाणे असे होते. माणूस दगावूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने. आईने किंवा बायकोने काळजीपोटी टाकलेली पुडीही धोक्याचीच.

अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, आणि अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय, या दोन ठिकाणी मानसोपचार विभागात जाऊन "दारू सोडायची आहे" एवढे सांगितले तरी सुरुवात होते. आधी फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही मोफत आहेत.

आधारगट म्हणजे नेमके काय?

सर्वांत जुना आणि जगभर पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. सगळे त्याला 'एए' म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारात काम करणारा माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघांनाही दारूचे व्यसन जडलेले होते. पिणाऱ्याशी पिणाराच खरे बोलू शकतो आणि त्या बोलण्याने दोघांचीही त्या दिवसाची दारू टळते, हे त्यांच्या लक्षात आले. भारतात एए १९५७ पासून आहे.

त्याचे काही नियम आपल्या कामाचे आहेत. सदस्य होण्यासाठी एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. जात, धर्म, पक्ष विचारत नाहीत. बाहेरून देणगी घेत नाहीत. चहा आणि भाड्याचा खर्च सदस्य आपसांत वर्गणी काढून भागवतात. कुणी डॉक्टर किंवा अधिकारी तिथे वर बसलेला नसतो. तिथे कोण आले आणि काय बोलले हे बाहेर सांगायचे नाही, हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे. 'ॲनॉनिमस' म्हणजे निनावी.

याचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली. ज्यांना ठरवून एएशी जोडून दिले होते त्यांच्यापैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त होते. इतर समुपदेशन घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत. शिवाय ४२ टक्के म्हणजे सगळे नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. पण फुकट मिळणाऱ्या आणि आयुष्यभर चालू शकणाऱ्या आधारासाठी हा आकडा लहान नाही.

महाराष्ट्रात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. तिथेही दाखल असतानाचा उपचार हा पहिला टप्पा आणि नंतरचा पाठपुरावा व गट हा दुसरा, असेच काम चालते. घरी आल्यावर गटाशी जोडून न घेतलेला माणूस पुन्हा घसरण्याचा धोका मोठा असतो.

गट शोधायचा कसा?

गटांची जागा आणि वेळ बदलत असते, म्हणून इथे पत्ता छापत नाही. शोधण्याचे मार्ग असे:

१. एए भारताच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या हेल्पलाइनवर आपले शहर सांगून मीटिंगचा वार, वेळ आणि जागा विचारा. मराठी किंवा हिंदी मीटिंग हवी असे स्पष्ट सांगा.

२. इर्विन किंवा सर्वोपचारच्या मानसोपचार विभागातील समुपदेशकाला किंवा समाजसेवा अधीक्षकाला विचारा. त्यांच्याकडे जुन्या सदस्यांचा संपर्क असू शकतो.

३. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल न होताही तिथल्या पाठपुरावा गटाबद्दल विचारता येते.

४. मीटिंग 'खुली' आहे की 'बंद' ते विचारून घ्या. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कार्यकर्ते कोणीही जाऊ शकतात. बंद मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते.

५. दर्यापूर, तेल्हारा, चांदूर बाजार अशा ठिकाणी राहणाऱ्यांना दर आठवड्याला शहरात येणे जमत नाही. त्यांनी ऑनलाइन मीटिंगचा पर्याय ठेवावा. नेट चांगले नसेल तर फोनवर एका जुन्या सदस्याशी रोज बोलणे हाही आधार आहे.

ओळखीचे भेटतील ही भीती खरी आहे. आपली शहरे लहान आहेत आणि समाज त्याहून लहान. अमरावतीच्या माणसाने सुरुवातीला अकोल्याच्या मीटिंगला जावे आणि अकोल्याच्याने अमरावतीच्या, यात काही गैर नाही. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे रेल्वे आहे. मात्र तिथे ओळखीचे कोणी भेटलेच तर घाबरू नका. तोही त्याच कारणाने आला आहे.

पहिल्या दिवशी काय होते?

खोलीत दहा-पंधरा खुर्च्या आणि चहा. मीटिंग तास-दीड तासाची. एक जण सूत्रसंचालन करतो. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपाशी आहोत असे म्हणतो. मग पूर्वी काय होत होते, काय घडले आणि आता कसे आहे, ते सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्या माणसाला बोलावेच लागते असे नाही. "आज फक्त ऐकतो" म्हटले तरी चालते.

आडनाव सांगू नका, कोणी मागणार नाही. आपल्याकडे आडनावावरून सगळेच कळते, त्यामुळे हा नियम आपल्याला विशेष मोलाचा आहे. शक्यतो न पिता जा. प्यालेले असाल तरी जा, फक्त शांत बसा. निघताना दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि संध्याकाळी पाय वळायला लागले की त्यांतल्या एकाला फोन करा. तिथे "आयुष्यभर सोडली" असे कुणी म्हणत नाही. फक्त आजचा दिवस, एवढेच ठरवतात. पुढे एक अनुभवी सदस्य 'स्पॉन्सर' म्हणून मार्गदर्शन करतो.

एका मीटिंगवर निर्णय घेऊ नका. निदान सहा वेळा जा. गट पटला नाही तर दुसरा बघा.

ईश्वराचे काय करायचे?

एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे आणि बऱ्याच मीटिंगा प्रार्थनेने संपतात. अकोल्याच्या एका कार्यकर्त्याने मला सरळ सांगितले, "देवाचं नाव घ्या लागत असन तर मी येत नाही." त्याचे म्हणणे धुडकावण्यासारखे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञा आपल्यासाठी शोभेच्या नाहीत.

पण तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, पायऱ्यांच्या मूळ मजकुरातच ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी सूट आहे. सुरुवातीच्या सदस्यांत नास्तिक होते आणि त्यांच्या आग्रहानेच ती आली. बरेच सदस्य 'आपल्याहून मोठी शक्ती' म्हणजे हा गट असेच मानतात. दुसरी, प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिले तर कोणी बाहेर काढत नाही. त्या वेळी मनात त्रिशरण म्हणता येते. तिसरी, बुद्धाच्या मार्गावर बांधलेले गटही आता आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'रिकव्हरी धर्म' ही चळवळ चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग हाच व्यसनमुक्तीचा आधार मानते. तिच्या ऑनलाइन मीटिंगा बहुतेक इंग्रजीत असतात. इंग्रजी जमणाऱ्या तरुणांनी ऐकून पाहाव्यात.

आणि धम्माच्या बाजूनेही पाहू. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज उरत नाही, बुद्धी मंदावते. हे आपण भाषणात सांगतो. पण त्याच परंपरेत संयुत्त निकायातील उपड्ढ सुत्तही आहे. तिथे कल्याणमित्रांची सोबत ही धम्मजीवनाची अर्धी बाजू आहे, असे आनंद म्हणतो तेव्हा तथागत त्याला दुरुस्त करतात आणि ती संपूर्ण धम्मजीवन आहे असे सांगतात. भिक्खू संघात दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्ख म्हटले जाते आणि त्याआधी झालेली चूक दुसऱ्या भिक्खूजवळ उघड करायची असते. आपली चूक समानांसमोर मोकळेपणी सांगणे आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. आधारगटात वेगळे काही होत नाही.

'शिक्षापद' या शब्दाचा अर्थही शिकण्याचा नियम असाच आहे. मोडले म्हणून माणूस धम्मातून बाद होत नाही. तो पुन्हा घेतो. दारू सोडणाराही बहुतेक वेळा एकदा तरी घसरतो. त्याला गटात 'स्लिप' म्हणतात आणि पुढच्या मीटिंगला त्याच खुर्चीवर बसवून चहा देतात. विहारात आपण असे करतो का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

घरच्यांसाठी आणि बायांसाठी

पिणारा यायला तयार नसेल तरी घरचे मदत घेऊ शकतात. एएच्या सदस्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये 'अल-अनॉन' हा वेगळा गट सुरू झाला. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची यापेक्षा आपण कसे उभे राहायचे, मुलांना कसे सांभाळायचे, त्याची उधारी आपण का फेडतो, यावर बोलणे होते. मारहाण होत असेल तर ती आजार म्हणून सहन करायची नसते. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

आपल्या बायाही पितात, विशेषतः कष्टाच्या कामावर जाणाऱ्या, आणि त्यांची लाज दुप्पट असते. वरील सर्वेक्षणात स्त्रियांचे प्रमाण १.६ टक्के आहे. गटात बहुतेक पुरुष असतात, म्हणून त्यांनी रुग्णालयातील समुपदेशकाकडून सुरुवात करावी किंवा स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगबद्दल विचारावे. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे.

खासगी केंद्रात दाखल करताना डोळे उघडे ठेवा. गाडी आणून माणसाला उचलून नेणे, मारणे, साखळीने बांधणे, घरच्यांना भेटू न देणे हे उपचार नव्हेत. साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. नोंदणी प्रमाणपत्र आणि मानसोपचारतज्ज्ञाचे नाव विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर परत या.

विहार आणि कार्यकर्ते काय करू शकतात?

दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्या बाया उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान लढवतात. ते काम चालूच राहावे. पण दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात थरथरतात त्याचे काय करायचे, हे त्याच बैठकीत ठरायला हवे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. उपचाराची गरज तिथेही संपलेली नाही.

विहाराची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ गटाला देता येते. दोन-तीन मद्यपाशी एकत्र जमले तरी एएचा गट सुरू होऊ शकतो. मात्र तो कुठल्याही संस्थेचा नसावा अशी अट आहे. म्हणून विहार समितीने जागा द्यावी, गट ठेवतील ते भाडे घ्यावे आणि दार लोटून बाहेर जावे. हजेरी, फोटो, बातमी, सत्कार काही नको. "आपल्या प्रयत्नाने इतक्या जणांची दारू सुटली" असा फलक तर नकोच.

जो सोबत जाऊ शकतो त्याने जावे. पहिल्या मीटिंगला दारापर्यंत सोडायला कोणी असले तर माणूस आत जातो, नाही तर चौकातूनच परततो. बाहेर टपरीवर तासभर थांबायचे, तो बाहेर आला की काय झाले ते विचारायचे नाही. पुढच्या आठवड्याचा वार तेवढा पक्का करून ठेवायचा.